कलाक्का आणि मिरजेचा पट्टा

कलाक्का स्वतःची ओळख स्वतःच करून द्यायची, आणि तीही उणिवांपासून. साताऱ्यात आम्ही बिऱ्हाड मांडलं त्या दिवशी ट्रंका अजून दारातच होत्या. शेजारच्या ओट्यावरून एक उंच, सावळी बाई थेट आमच्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मी कलावती. समदी कलाक्का म्हणत्यात. जतकडची हाय. माझा आवाज मोठा हाय, राग लय येतो, आन् उसनी साखर आनली की परत द्यायची इसरते. दुसऱ्या कुनी सांगायच्या आदी मीच सांगितलं." मग चहाचं पातेलं कुठल्या खोक्यात आहे ते विचारून तिनं आमच्याच घरात आम्हाला चहा करून दिला.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं निवृत्त सैनिकांची. कलाक्काचा नवरा तेव्हा अजून नोकरीत होता, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. गल्ली त्याला फौजी म्हणायची आणि तीही तेच म्हणायची. एकुलती लेक सुरेखा कॉलेजात शिकत होती. तिला कलाक्कानं जवळजवळ एकटीनंच वाढवलं होतं. दुष्काळी मुलखातून आलेल्या कलाक्काला साताऱ्याच्या नळाचं फार कौतुक. पाणी आलं की ती आधी ओंजळभर तोंडावर मारायची आणि म्हणायची, "आमच्याकडं टँकर आला तर देव आल्यागत वाटतं गं मास्तरीण." मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून तिच्या लेखी मी कायमची मास्तरीण.

लोकांची तिला भीती वाटत नसे. सुरेखा बारावीला एकदा नापास झाली, तेव्हा पोरगी दार लावून रडत होती आणि ही ओट्यावर उभी राहून गल्लीला सांगत होती, "आमची सुरेखा इंग्रजीत गेली बरं का! ऑक्टोबरात बसनार हाय." सुरेखा तिच्यावर भयंकर चिडली. कलाक्का शांतपणे म्हणाली, "आपलं आपन बोललं की लोकांच्या तोंडात घास ऱ्हात न्हाई."

मला दिवस गेले त्या वर्षी फौजी निवृत्त होऊन घरी आले. पाचव्या महिन्यात माझी कंबर धरू लागली. दिवसभर फळ्यापाशी उभं राहून घरी आले की ओटीपोटाखाली असं ओढायचं, जणू कुणी आतून दोरी लावली आहे. डॉक्टरीणबाईंनी पोटाचा पट्टा वापरायला सांगितलं. सांगलीहून माझ्या आईनं मिरजेच्या दुकानातून तो आणून पाठवला. अंगाच्या रंगाचा, रुंद, ताणला की लांबणारा, पुढे चिकटणारी पट्टी. पोटाखालून घेऊन मागे कंबरेला आधार द्यायचा. तो लावून पहिल्यांदा शाळेत उभी राहिले तेव्हा कुणीतरी माझं ओझं दोन्ही हातांनी खालून उचलून धरल्यासारखं वाटलं.

मी तो पट्टा कलाक्काला दाखवला. एरवी तिनं दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी नुसता हातात धरून ताणून पाहिला, परत दिला आणि निघून गेली. त्यानंतर तिचं येणंच कमी झालं. ओट्यावरचा आवाज बंद झाला. मला वाटलं, नवरा इतक्या वर्षांनी घरी आलाय, रमली असेल.

एका रविवारी सकाळी मी मागच्या मोरीकडे गेले, तर कलाक्का धुण्याच्या दगडावर डोळे मिटून बसली होती. दोन्ही हात कंबरेवर. "यव्वा, यव्वा," असं पुटपुटत होती. कर्नाटकाच्या सीमेकडच्या माणसांसारखी तीही कळ आली की कानडीतच आईला हाक मारायची. मी तिला उठवायला गेले आणि हाताला लागलं ते कापड. लुगड्याखाली तिनं जुन्या साडीचे वेढेच्या वेढे घट्ट गुंडाळले होते.

"कलाक्का, हे काय?"

तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, ती कुजबुजली. "मला दिवस गेलेत गं. तुझ्या मागोमागच."

सुरेखानंतर तिचं पोट कधी वाढलं नव्हतं. आता चाळिशी ओलांडली होती आणि लेकीला स्थळं येत होती. सुरेखाला कळलं त्या दिवसापासून तिनं आईशी बोलणं टाकलं होतं. "पोरगी ताट वाढून ठेवती आन् तोंड फिरवती," कलाक्का म्हणाली. "समद्या गल्लीचं तोंड मी बंद करीन. पर तिनं मिटल्यालं तोंड कसं उघडू?"

दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी साडीचे वेढे सोडायला लावले. "अहो, हे पोट सांभाळायला बांधलंय की लपवायला?" कलाक्कानं सोडलेली साडी पोटाशी धरली. बाईंचा आवाज मऊ झाला. "असं आवळायचं नाही. पोटाखालून नुसता आधार द्यायचा. पोट बांधायचं नाही, तोलायचं. झोपताना पट्टा काढायचा, आणि कळा आल्या किंवा जीव घाबरा झाला तर सरळ इकडे यायचं." वयामुळे तपासायला दर पंधरवड्याला बोलावलं. रिक्षात बसल्यावर कलाक्का कितीतरी वेळ स्वतःशीच म्हणत होती, "बांधायचं न्हाई, तोलायचं."

पट्टा आणायला फौजी मिरजेला गेले. सकाळच्या गाडीनं गेलेला माणूस दिवेलागणीला परतला आणि अभिमानानं पुडकं उघडलं. आतून निघाला कातडी पट्ट्यांचा, बक्कलांचा, पाठ दुखणाऱ्या पुरुषांसाठीचा जाडजूड पट्टा. "दुकानात लय गर्दी होती," फौजी मान खाली घालून म्हणाले. "बायामानसं होती. कसं बोलायचं? म्हनलं, कमर का पट्टा देना."

"आवं, मग तुमीच घाला की!" म्हणून कलाक्का जी हसायला लागली, ती पोट धरून खाली बसली. कितीतरी दिवसांनी तिचं ते हसणं भिंतीपलीकडे घुमलं. आतल्या खोलीत सुरेखाही हसली असावी, कारण खुदकन आवाज आला आणि वही पडली. पुढच्या आठवड्यात फौजी पुन्हा मिरजेला गेले आणि योग्य पट्टा घेऊन आले. "इस बार साफ बोला," एवढंच म्हणाले. बक्कलांचा पट्टा त्यांनी खरंच स्वतःला ठेवला आणि पाण्याच्या बादल्या उचलताना लावू लागले. कलाक्काला बादली त्यांनी पुन्हा उचलू दिली नाही.

मी बाळंतपणाला सांगलीला निघायच्या आधीच्या रविवारी सुरेखाला पाहायला कराडची मंडळी येणार होती. आदल्या दिवशी सुरेखा माझ्याकडे आली. नजर जमिनीवर. "वहिनी, उद्या आईला तुमच्याकडे बसवून घ्याल? तेवढा वेळ." गावाहून तिची चुलती आली होती, ती पाहुण्यांचं करणार होती. कलाक्कानं एका शब्दानं विरोध केला नाही. रविवारी ती येऊन माझ्या पलंगावर बसली. पट्टा काढून बाजूला ठेवला. मधली भिंत एका विटेची, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

कपबशा वाजल्या. मग एक बाई म्हणाली, "मुलीची आई दिसत नाहीत?"

सुरेखाचा आवाज आला, "आई गावाला गेलीय. आजी आजारी आहे."

कलाक्काची आई कधीच वारली होती. तिनं भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मास्तरीण, माझ्यापायी माझी पोरगी खोटं बोलाय लागली." ती उठली. पट्टा उचलला. तिला वाकता येईना, म्हणून मी मागून तो ओढून लावून दिला. ती ताठ चालत गेली आणि तिच्या मागोमाग मीही दारापर्यंत गेले.

"नमस्कार," ती पाहुण्यांना म्हणाली. "मी सुरेखाची आई. गावाला न्हाई, शेजारी लपून बसल्याली. सातवा लागलाय मला. पोरगी लाजंनं तसं बोलली, तिच्या मनात खोट न्हाई. काय इचारायचं ते मला इचारा."

मुलाची आई पदराआड हसली आणि शेजारच्या बाईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आपण सून आणायची, का तिच्या आईच्या बाळंतपणाला धाडायची?"

सुरेखा पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. "आईला काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "बाबा सीमेवर असताना मला तापात पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणारी हीच. तिचं बाळंतपण मीच करणार आहे. तुम्हाला चालत नसेल तर पोहे खाऊन जा."

त्यांनी पोहे खाल्ले नाहीत. चपला घालून गेले. चुलती कपाळाला हात लावून बसली. फौजी भिंतीला टेकून उभे होते, ते फक्त "शाब्बास" म्हणाले. घाईत लावलेला पट्टा कलाक्काच्या कंबरेवरून सरकला होता. सुरेखा आईसमोर गुडघ्यांवर बसली, तो सोडून पोटाखालून नीट घेतला, आणि विचारलं, "घट्ट होतंय का गं?"

"न्हाई," कलाक्का म्हणाली. "आसं बरं हाय." आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं रडायला लागली. मी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा ती ओट्यावर उभी होती. "बायांनो, मला सातवा म्हयना हाय! ज्यांना माजं डोहाळजेवन करायचंय त्यांनी भांडून घ्या!" गल्ली खरंच भांडली. सुभेदारांच्या बायकोनं पहिला मान पटकावला.

मला सांगलीत मुलगी झाली. महिन्याभरानं आईच्या शेजाऱ्यांच्या फोनवर फौजींचा आवाज आला. एसटीडीच्या दुकानातून ते ओरडत होते, "बच्ची हुई! दोघीबी ठीक!" कलाक्काच्या मुलीचं नाव सुरेखानं ठेवलं, आशा. आमच्या दोघी मुली एकाच ओट्यावर रांगल्या. वर्षभरानं सुरेखाला पाहायला दुसरे लोक आले, तेव्हा ती आशाला कडेवर घेऊनच बाहेर आली. ते लग्न जमलं.

मग माझी बदली सांगलीला झाली आणि फौजी शेती करायला जतला परतले. एका हिवाळ्यात कलाक्कानं हुरडा खायला बोलावलं. आम्ही गेलो. उजाड माळ, दूर मेंढरं, आणि मधोमध त्यांचा ज्वारीचा तुकडा. तिनं आगटीत कणसं भाजली, तळहातावर चोळून फुंकली आणि गरम दाणे एकदा माझ्या, एकदा मुलींच्या हातावर ठेवत राहिली. बरीच वाळली होती. "दम लागतो गं हल्ली," एवढंच म्हणाली. दुपारी उन्हात माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मुली धाटांतून पळत होत्या. ती उठू नये म्हणून पाय आखडले तरी मी हलले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती हृदयविकारानं गेली. आशाला सुरेखानं आपल्याकडे नेलं.

सांगलीच्या स्टँडवर अजूनही जतची गाडी फलाटाला लागलेली दिसली की मी थांबते. मला जायचं असतं दुसरीकडेच. कंडक्टर घंटीची दोरी धरून विचारतो, "ताई, येताय का?" मी मान हलवते. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मात्र माझा पाय तिथून निघत नाही.