मशीनने दिलेलं आवतण

माझ्या घरमालकीणबाईंची पहिली ओळख झाली ती त्यांच्या धापा टाकण्यावरून. शिरवण्यातल्या त्यांच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर मी नुकतीच राहायला आले होते. लिफ्टचा पत्ता नाही. एका रविवारी सकाळी जिन्यात कुणाला तरी भयंकर दम लागलाय असं ऐकू आलं. दार उघडलं तर बाई उभ्या. एका हातात हळदकुंकवाची वाटी, दुसऱ्या हातात तांदूळ. घरात पुतण्याची हळद होती, तिचं आवतण द्यायला आल्या होत्या. मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडेही अक्षता देऊन बोलावतात, पण चार दिवसांपूर्वी सामान टाकलेल्या भाडेकरणीला कुणी एवढं विचारत नाही.

"मावशी, एवढे जिने कशाला चढलात? फोन करायचा ना," मी म्हणाले.

त्यांनी आधी श्वास घेतला आणि मग मला झापलं. "फोन करून कोन जेवाला येतं गो? फोन करतान तो येऊ नको म्हनूनच करतान."

मी कॉलेजात शिकवते. दिवसभर मीच लोकांना झापत असते. मला कुणी झापलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मात्र मी मुकाट कुंकू लावून घेतलं आणि हळदीला गेले. तिथे कळलं की मावशी धवलारीण आहेत.

आगरी लग्नात धवलारिणीचा मान मोठा. ती धवले गाते, आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाल्याशिवाय कार्याला सुरुवात होत नाही. गाण्यात ती आधी देवांना बोलावते, गावदेवीपासून एकेकाला. मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, नाव घेऊन: या, तुमच्या घरी कार्य आहे. डीजेवाला बाहेर वायरी जोडत होता, पोरं आरडाओरडा करत होती, आणि मावशी पाटाशी बसून कुणाच्या तरी मेलेल्या चुलत्याला शांतपणे लग्नाला बोलावत होत्या. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण अंगावर काटा आला तो आला.

अशा बाईचं तोंड शुभ धरतात. तिने कुणाला वाईट बोलायचं नाही, शाप द्यायचा नाही, अवेळी तोंड उघडायचं नाही. मावशी हे इतकं पाळायच्या की पाणी न भरणाऱ्या पंपवाल्यालासुद्धा "तुजा भला होवो" म्हणायच्या, फक्त दात आवळून.

पण बोलावणी कमी होत चालली होती. हॉल तासांवर मिळतो, तिथे धवल्याला वेळ कुठला? नव्या सुनांना वाटतं, ही म्हातारी कधी संपवणार. हे सगळ्यात जास्त लागलं मावशींच्या सुनेला. ही पोरगी न्हावा शेवा बंदरात एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं बघते. घरी येते तेव्हा तिच्या डोळ्यांत झोप असते, तरी सासूला स्वयंपाकघरात बसवून, पंखा बंद करून, मोबाइलवर धवले रेकॉर्ड करायची. "आईंबरोबर हे सगळं जाईल हो ताई," ती मला म्हणायची. तिने मावशींच्या नावाने पेज काढलं. सासूसाठी असं काही करणारी सून मी तरी आमच्या अख्ख्या खानदानात पाहिलेली नाही, आणि त्यात मीही आले.

पेज काही हलेना. बघणारे कोण, तर नणंदा, जावा आणि मी. मग ऑफिसातल्या कुणीतरी तिला एक ॲप दिलं. ते ॲप मावशींच्या नावाने आपोआप हिंडायचं. अनोळखी लोकांना फॉलो करायचं, त्यांच्या फोटोंखाली 'वा, अप्रतिम!' लिहायचं. समोरचा भिडेखातर मावशींना फॉलो करायचा. आणि थोड्या दिवसांनी ॲप गुपचूप त्या माणसाला सोडून द्यायचं, म्हणजे आपल्या मागे माणसं भरपूर आणि आपण मात्र कुणाच्या मागे नाही, असा रुबाब दिसतो.

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले.

"कोणाचं काय नुकसान होतंय ताई? सगळेच करतात. निदान धवला कानावर तरी पडेल लोकांच्या."

यावर मी जास्तच चिडले. सभेला ट्रक भरून माणसं आणायची आपल्याकडची रीत जुनीच आहे, आता ट्रकसुद्धा लागत नाही, असं काहीतरी बोलले. तिने हसून सोडून दिलं. आणि माणसं खरंच वाढू लागली. मावशींना एवढंच सांगितलं होतं की पुष्कळ लोक तुमचं गाणं बघतायत. त्या विचारायच्या, "कोन? कुठली? काय करतान?" सून कुकर लावायला उठायची.

मग ते झालं. दुपारची वेळ होती, मी खाली भाडं द्यायला गेले होते, आणि सून ऑफिसातून अर्ध्यातच घरी आलेली.

आपल्या गावांमधून बॅनरचं केवढं वेड आहे, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. लग्न असो, वाढदिवस असो की दहावं, एकाच दुकानात एकाच साच्यातून बॅनर निघतो: मधे फोटो, भोवती फुलं, खाली समस्त परिवार, स्थळ, वेळ. नाक्यावर लागतो आणि फोनवरही फिरतो. लग्नाची घरं सापडावीत म्हणून सुनेने ॲपला हेच शब्द दिले होते. 'समस्त परिवार', 'स्थळ' असं दिसलं की तिथे जाऊन शुभेच्छा द्यायच्या. दहाव्याच्या बॅनरवरही तेच शब्द असतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही. ॲपला तर दहावं म्हणजे काय तेच ठाऊक नाही.

उरणकडच्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ वारले होते. त्यांच्या फुलं वाहिलेल्या फोटोखाली मावशींच्या नावाने लिहिलं गेलं होतं: 'हार्दिक अभिनंदन! खूपच सुंदर क्षण! आमच्या धवल्यांनाही नक्की भेट द्या.'

त्यातून ते घर ओळखीचं. त्यांच्या नातीच्या लग्नाला धवला म्हणायचं मावशींनी कबूल केलं होतं. त्या घरच्या सुनेने, म्हणजे नवरीच्या आईने, मावशींच्या सुनेला फोन करून एकच वाक्य ऐकवलं होतं: "मेल्याचं अभिनंदन करणारी बाई आमच्या मांडवात नको." तोवर त्या अभिनंदनाचा फोटो गावोगावच्या ग्रुपवर पोचला होता. संध्याकाळपर्यंत आणखी एका घराने, आमचं दुसरीकडे ठरलंय, असं कळवलं. मावशींकडे होतं काय? एक तोंड, आणि ते शुभ आहे हा लोकांचा विश्वास. तोच गेला तर त्यांना पुन्हा कुठल्या पाटाशी कुणी बसवलं नसतं.

सुनेने रडत रडत सगळं सांगितलं, ॲपसकट. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, मी लिहून टाकते, आपलं अकाउंट हॅक झालं होतं."

"म्हंजे काय?"

"म्हणजे कोणीतरी चोरलं होतं."

"चोरला होता?"

"नाही. पण सगळे असंच लिहितात."

मला वाटलं, आता या पोरीचं काही खरं नाही. पण मावशी तिच्यावर ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माजे नावान जो गेला तो मीच गेली. मी उद्या त्यांचे घरा जाते."

मग त्यांनी ॲपचं सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं. अभिनंदनाचं त्यांनी गिळलं होतं, पण लोकांना जोडून मग गुपचूप सोडून द्यायचं, हे ऐकल्यावर त्या जागच्या उठल्याच. "आवतन द्याचा, आन मानूस दारान आला का दार लावाचा? ही कुठली रीत? माजे नावान?" तेव्हा त्या जेवढ्या चिडल्या, तेवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पंपवाल्याचं नशीब की तो त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली. मावशी पुढे, सून मागे. पोर्टच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली, आम्ही मधे अडकून पडलो. मी मनात भाषण तयार करत होते. ॲप म्हणजे काय, चूक कशी झाली, मावशींचा यात कसा काडीचाही हात नाही. उदाहरणंसुद्धा जुळवली होती.

नवरीची आई दारातच उभी राहिली. या म्हणाली नाही. मी भाषणासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींनी माझा दंड असा दाबला की अजून आठवतो.

"माजे नावान वाईट लिवला गेला," त्या म्हणाल्या. "तुमचे दुःखान माजा हात लागला. मना माफी करा."

बस्स. ॲप नाही, सून नाही, हॅक नाही. मावशी तिथेच ओट्यावर बसल्या. आम्हीही बसलो. कुणी पाणी विचारलं नाही. थोड्या वेळाने मावशींनी विचारलं, "म्हातारा काय काम करायचा गो?"

मिठागरावर होते, नवरीची आई म्हणाली. मिठागरं गेल्यावर घरी बसले. मावशी विचारत गेल्या, ती सांगत गेली, आधी तुटक, मग सलग. त्यांना मीठ पारखायची इतकी खोड की दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी मीठ चिमटीत धरून बघायचे, आणि नाक मुरडायचे. नातीला खांद्यावर बसवून खाडीवर न्यायचे. नातीच्या लग्नात घालायचा सदरा त्यांनी आधीच शिवून ठेवला होता. मावशी नुसत्या ऐकत होत्या, मधेच मान हलवत होत्या. निघताना दुखवट्याच्या घरी येते म्हणत नाहीत, तशा त्याही न बोलता उठल्या. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही नाही. गाडीत बसल्यावर मी फणफणले, "खरं सांगायला काय हरकत होती? तिने समजून घेतलं असतं."

"तिचे घरान मानूस गेला," मावशी म्हणाल्या, "आन मी तिला माजी गोष्ट सांगत बसू?"

माझं भाषण कितीही खरं असलं तरी ते आमच्या सोयीचं होतं, हे मला पोर्टचा रस्ता संपेपर्यंत नाही, पण नेरूळच्या सिग्नलला पटलं.

सुनेने ॲप त्याच दिवशी काढून टाकलं. मग प्रश्न आला की त्याने जोडून ठेवलेल्या अनोळखी माणसांचं काय करायचं. ती म्हणाली, एका झटक्यात काढता येतील. मावशींनी साफ नाही म्हटलं. आवतण दिलेल्या माणसाला पंगतीतून उठवायचं नाही. झालं, तेव्हापासून दुपारी जेवण आटोपलं की मावशी चष्मा लावून त्या पाहुण्यांची विचारपूस करायला बसू लागल्या. लातूरकडची कुणी केक करणारी, कुणी ट्रेलर चालवत चालवत व्हिडिओ काढणारा, कुणी नुसतीच आपल्या मांजरीचे फोटो टाकणारी. मावशींना टाइप करता येत नाही, त्या फोनशी बोलतात आणि फोन लिहितो. केकवालीला त्यांनी विचारलं, अंगान ताप हाय का गो, डोले उतरलेत. ट्रेलरवाल्याला सांगितलं, गाडी चालवताना फोन हातान धरू नको, घरा पोरा वाट बघतान. काही लोक बिचकून पळाले. पेजवरची माणसं भराभर घटली. जी राहिली ती मात्र उत्तरं देऊ लागली. केकवालीला खरंच ताप होता.

मी हे सगळं बघत होते आणि मला या बाईचं मनापासून कौतुक वाटत होतं. मी स्वतः लोकांच्या वाढदिवसाला फोनमधलं तयार चित्र पुढे ढकलते. अजूनही ढकलते, पण हल्ली आधी मनात मावशी येतात.

बोलावणी मात्र येत नव्हती. लग्नसराई सुरू झाली, गावात रोज कुठेतरी हळद, आणि मावशी घरी. सून खंगत चालली होती.

आणि एका सकाळी जिन्यात पावलं वाजली. नवरीची आई. हातात हळदकुंकू, तांदूळ. आधी खाली मावशींकडे जाऊन आली होती, मग वर माझ्याकडेही आली, कारण त्या दिवशी ओट्यावर मीही बसले होते. मी विचारलंच, "तुमचा राग गेला?"

"राग हाय अजून," ती म्हणाली. "पन मामंजी गेल्याव फोन सगल्यांचे आले. ते काय करायचे, ते कोनी इचारला नाय."

लग्न त्यांच्या अंगणातच होतं. मावशी पाटाशी बसल्या. बायकांची कुजबुज चालू होती, ते लिहिणारी हीच ना, म्हणून. सून समोर फोन धरून रेकॉर्ड करत होती. मावशींनी देवांना बोलावलं, गावदेवीला बोलावलं, घरातल्या जुन्या गेलेल्यांना बोलावलं. मग थांबल्या. आणि त्या म्हाताऱ्यांचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. ज्या नावाखाली अभिनंदन गेलं होतं तेच. या म्हणाल्या, मिठागरावरून या, हात धुवून या, शिवून ठेवलेला सदरा घालून या, नात पाटावर बसली आहे, पंगतीतलं मीठ तुम्ही बघायचं आहे.

नवरीची आई खांबाला धरून रडू लागली. सुनेने फोन खाली केला. अंगणातल्या सगळ्या बायका पाहुण्याची वाट बघावी तशा फाटकाकडे बघत होत्या, आणि मीही.