संशोधनाचे सर

आमच्या सोलापूरच्या लॉ कॉलेजात मुलांना कायद्याचं संशोधन आणि लेखन शिकवणारे एक सर आहेत. स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या शेजारी. कुणी काहीही म्हटलं, की चष्मा कपाळावर चढवून ते विचारतात, "आधार काय?" शिपायानं चहा संपला म्हणून सांगितलं, तरी तेच.

जमिनीच्या वाटणीचा एक जुना निकाल त्यांचा फार लाडका. दरवर्षी तोच शिकवतात.

यंदा मी पुढच्या तासासाठी दारात थांबले होते, तेव्हा होटगीहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, ह्यो निकाल वरच्या कोर्टानं फिरवलाय की."

सरांनी सवयीनं आधार मागितला. तिनं लायब्ररीतला जाडजूड ग्रंथ नेमकं पान उघडून समोर ठेवला. सरांनी तो न वाचताच मिटला.

"वरच्या कोर्टात फिरला असेल. माझ्या वर्गात अजून कायम आहे!"

वर्ग हसला. मुलगी हसली नाही.

पुढं तिच्या प्रकल्पाला वर्गात सर्वांत कमी गुण पडले. वर लाल शाईत शेरा होता, 'संशोधकाला विनय हवा.'

मी सरांना म्हटलं, "अहो, पोरीचं बरोबर होतं."

"बरोबर असणं वेगळं, मॅडम," ते शांतपणे म्हणाले.

गेल्या आठवड्यात त्यांच्या दुसऱ्या वर्गावरून जाताना आवाज ऐकला. "हा निकाल फिरवला गेलाय, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. मी स्वतः खणून काढलंय!"

मुलं भराभरा उतरवून घेत होती. त्या मुलीचे गुण अजून तेवढेच आहेत.