करंगळीचं कुंकू

साखरेच्या पाकाचा वास आला, की बोटीनं रत्नागिरीला सासरी आले त्या वर्षीची संक्रांत आठवते. लग्नापासून माझ्याशी धड न बोललेल्या थोरल्या जाऊबाईंनी माझ्यासाठी चक्क हलव्याचे दागिने केले होते, तेही आयुष्यात पहिल्यांदा. हलव्याला काटा म्हणून नव्हता; हार नुसता चिकचिकत होता. चार बायकांत माझं हसं व्हावं म्हणूनच हा घाट, अशी माझी खात्री झाली. "समुद्राची दमट हवा गो, काटा धरत नाही," त्या म्हणाल्या. मी काही इतकी भोळी नव्हते. हळदीकुंकवाला त्यांनी मला कुंकू लावलं, तेही करंगळीनं! हा तर उघड अपमान, म्हणून मी त्यांचा हातच धरला. शेगडीवरच्या तापल्या परातीत हलवा फिरवून बाकीच्या बोटांना फोड आले होते. आज हे लिहितानाही ती करंगळी कपाळावर टेकल्यासारखी वाटते.