आईचे चौऱ्याण्णव, मावशीचे नव्वद

आई डोंबिवलीला मानपाडा रोडवर राहते, मावशी कल्याणला. मावशी धाकटी. सोसायटीच्या हॉलमध्ये ती बायकांना प्राणायाम शिकवते आणि आपल्यासारखी फुप्फुसं अख्ख्या कल्याणात नाहीत असं तिचं प्रामाणिक मत आहे. आईला व्यायामाचं नाव काढलं की गुडघे आठवतात. दोघींची चढाओढ मी लहानपणापासून बघत आलेय, पण ती विमानात इतक्या उंचीवर जाईल असं वाटलं नव्हतं.

मावशीच्या मुलीने बंगळुरूला घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला आम्ही तिघी विमानाने निघालो. दोघींचाही पहिलाच विमानप्रवास. मावशीने करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर पर्समध्ये टाकलेला, तो बोटाला चिमट्यासारखा लावला की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवतो.

"वर हवा विरळ असते. ताईला काही झालं तर?" ती मला म्हणाली. ताईला ऐकू जाईल इतक्या हळू.

विमान वर जाऊन स्थिरावलं तशी मावशीने माझ्या मांडीवरून हात घालून आईचं बोट धरलं. चौऱ्याण्णव. खाली अठ्ठ्याण्णव होते. मावशीच्या चेहऱ्यावर काळजी पसरली, पण ती काळजी बरीच सुखी दिसत होती.

"तरी सांगत होते, रोज अनुलोम-विलोम कर."

मग तिने तो स्वतःच्या बोटाला लावला. नव्वद.

बोट झटकून पुन्हा लावला. नव्वदच. हात बदलला, तर एकोणनव्वद.

"ह्याची बॅटरी गेलीय."

"माझ्या वेळी होती," आई म्हणाली आणि तिने चिवड्याची पुडी उघडली.

मी मध्ये बसलेले, त्यामुळे समजूत घालणं माझ्याकडे आलं. "मावशी, अगं विमानात जमिनीवरच्याइतका दाब ठेवत नाहीत. सहा-सात हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी हवा असते. तिच्यात ऑक्सिजनचा वाटा तेवढाच, पण दाब कमी, म्हणून रक्तात थोडा कमी जातो. सगळ्यांचाच आकडा उतरतो. आपण आत्ता सिमल्याला बसलोय असं समज."

"मग ताई कुठे बसलीय?"

माणसागणिक फरक पडतो, असं काहीतरी मी पुटपुटले. पण मावशीने तोवर पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि कपालभाती सुरू केली. फस्, फस्, फस्. पलीकडच्या सीटवरच्या गृहस्थांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी वर हात करून हवाई सुंदरीला बोलवायचं बटण दाबलं.

आकडा मात्र खरंच चढत होता. शहाण्णव झाल्यावर मावशीने तो आईला दाखवला आणि लगेच म्हणाली, "हाताला मुंग्या येतायत गं. गरगरतंय."

तिचा चेहरा पांढरा पडला. माझीही हवा गेली. हवाई सुंदरीने विमानात कोणी डॉक्टर आहेत का विचारलं, तसे मागून एक पोट सुटलेले, हसतमुख डॉक्टर आले. ठाण्याचे निघाले.

"आजी, काय करत होतात?"

"कपालभाती."

"तेच भोवलं. इतक्या जोरात आणि भराभर श्वास टाकलात की कार्बन डायऑक्साइड नको तेवढा बाहेर गेला. मुंग्या, चक्कर त्याच्यामुळे. आता काही करू नका. नेहमीसारखा, सावकाश श्वास घ्या. नव्वदने इथे काही बिघडत नाही."

मावशीला 'काही करू नका' हे फार जड गेलं, पण तिने ऐकलं. आईने चिवडा बाजूला ठेवून माझ्यावरून हात लांब केला आणि तिचा हात धरला. मावशीच्या गालांवर रंग परत आला तरी आईने हात सोडला नाही. माझी मान मात्र अवघडली.

बरं वाटल्यावर मावशीचं पहिलं वाक्य होतं, "डॉक्टर, तुमचं बघू."

त्यांनी कौतुकाने बोट पुढे केलं. अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांचं हसू जरा आत गेलं. "माझी बोटं गार आहेत," म्हणत त्यांनी तळवे चोळले. पुन्हा लावला. अठ्ठ्याऐंशी.

"कपालभाती तेवढी करू नका," मावशी म्हणाली.

मग पलीकडच्या गृहस्थांनी बोट पुढे केलं, त्यांच्या पुढच्या बाईंनी केलं. कोणाचे एक्क्याण्णव, कोणाचे त्र्याण्णव. विमान उतरायला लागलं, तसे आकडे वर येऊ लागले आणि जो तो त्याचं श्रेय स्वतःकडे घेऊ लागला. मावशीचे कपालभातीचे शहाण्णव सोडले, तर आईच्या पुढे मात्र वर असताना कोणी गेलं नव्हतं.

वास्तुशांतीच्या पंगतीत मावशीने हे सगळं व्याह्यांना सांगितलं. चक्कर गाळली, डॉक्टर ठेवले. "अख्ख्या विमानात आमच्या ताईचा आकडा सगळ्यात वर. आमच्या माहेरी दम आहेच पहिल्यापासून," असं म्हणून तिने आईला आग्रहाने जिलबी वाढली. आईनेही ती मुकाट्याने घेतली.