वडिलांच्या वाट्याची भिंत

मलकपेठेच्या पलीकडचे ते चर्च मुळात खेड्यातले. शहर कुंपणाला येऊन भिडले, तरी आम्ही त्याला गावचे चर्चच म्हणायचो. बांधणारे गवंडी इथलेच, जन्मभर दर्गे बांधलेले. त्यामुळे विलायती नकाशातल्या खिडक्यांच्या कमानी त्यांच्या हातून दर्ग्याच्या होऊन उतरल्या. जाड दगडी भिंतींवर चुन्याचा गिलावा, छताला सागवानी तुळया. चुन्याची भिंत श्वास घेते, असे वडील, आमचे दादा, म्हणत.

नाताळाआधी प्रत्येक घराने दोन खिडक्यांमधली आपल्या वाट्याची भिंत स्वतः पांढरी करायची, ही तिथली रीत. आमची उत्तरेकडची. वडील कळीचा चुना मडक्यात भिजवत आणि अंबाडीच्या कुंचल्याने सावकाश हात देत. ते गेले त्या वर्षी ती भिंत मी करायची ठरवली. त्यांच्यासाठी करण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. काचीगुड्याच्या घरून मडके मांडीवर घेऊन रिक्षाने गेलो.

आत भिंतींना डोक्याच्या उंचीपर्यंत गुलाबी टाइल्स बसल्या होत्या. देशाचा बाजार खुला होऊन नवा माल आला होता, आणि त्यातून देवाच्या घरासाठी चर्चच्या कमिटीला सुचले ते न्हाणीघर. तुळयाही पांढऱ्या पत्र्यांनी झाकल्या होत्या. लाकूड दिसले की गरिबी दिसते म्हणे.

कमिटीचे सेक्रेटरी माझे चुलते.

"काका, दादांची भिंत करायला आलो होतो."

"अरे बाबा, अब चुना कायकू? फडकं मारलं की चकाचक!"

मागून कोणी म्हणाले, "प्रोफेसरसाब मडकं घेऊन आले. लोणचं आहे काय?"

सगळे हसले. मी मडके घेऊन परतलो.

पावसाळ्यात भिंतीतली ओल टाइल्सच्या सिमेंटमागे कोंडली. उत्तरेकडच्या टाइल्स फुगल्या आणि एका रविवारी उपदेश चालू असताना धडाधड खाली आल्या. काका म्हणाले, "मिस्त्री चोर निघाला." स्वतःच्या अकलेवर त्यांना शंका कधी आलीच नाही.

भिंत उघडी पडली होती. मी पुन्हा चुना भिजवला.

"लाव, लाव," काका म्हणाले, "सोमवारपर्यंत तुझीच आहे."

टाइल्स धराव्यात म्हणून गिलाव्याला सगळीकडे छिन्नीचे टाके पाडले होते. त्यांतही कुंचला फिरवत मी वडिलांची भिंत वरपासून खालपर्यंत पांढरी केली. वाळेपर्यंत समोर बसून राहिलो.

सोमवारी तिच्यावर पुन्हा टाइल्स बसल्या. या वेळी निळ्या.