बाईंनी न प्यालेलं पाणी

पाण्यावर संशय घेण्यात आमच्या गावच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा हात धरील असं माणूस भीमेच्या दोन्ही काठांना झालं नाही. देवळातलं तीर्थ त्या तळहातावर घ्यायच्या, उजेडाकडे धरून निरखायच्या आणि डोळ्यांना लावून सोडून द्यायच्या. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की वाढप्याला विचारायच्या, पाणी कुठल्या विहिरीचं? वडगाव रासाईला एका वरबापाने रागारागाने विहिरीकडे बोट दाखवलं, तर बाई पानावरून उठल्या, दोराने बाटली विहिरीत सोडली आणि पाणी भरून घेऊनच पुन्हा जेवायला बसल्या. स्वतःच्या उकळलेल्या पाण्याची बाटली मात्र कायम खांद्याला. दुसऱ्याच्या घरचा घोट त्यांनी कधी घेतला नाही, आणि माझं त्यांच्याशी वाकडं आलं ते इथेच.

सत्तरनंतरची ती वर्षं. देशोदेशी फिरत आलेली पटकीची साथ आमच्याकडेही पोचली होती. भीमेच्या पाण्यातल्या जंतूंवर संशोधन करायला दौंडात एका जुन्या गोदामात सरकारी केंद्र निघालं होतं आणि बाई त्याच्या प्रमुख होत्या. साथ आली आणि हुकूम सुटला, की केंद्राने पाणी चांगलं म्हटल्याशिवाय बर्फ, सोडा, दूध यांचे कारखाने बंद. मी हातगाडीवर बर्फाचे गोळे विकून कारखान्याचा मालक झालेला माणूस. आमची सारी कमाई उन्हाळ्याची, आणि ऐन उन्हाळ्यात दाराला कुलूप. मी तडक बाईंकडे गेलो आणि सवयीप्रमाणे घासाघीस सुरू केली. म्हटलं, तपासायला चार ठिकाणचं पाणी कशाला, दोन ठिकाणचं घ्या. बाई म्हणाल्या, सहा ठिकाणचं घेऊ. मी आवाज चढवला, तर आठ. उलटा भाव करणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पण पाणी नापास करून घरी बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पदर खोचून माझ्या कारखान्यात उभ्या राहिल्या, पाण्यात औषध घालायला वेगळी टाकी बांधून घेतली, आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना औषधाचं माप शिकवलं. दुपारच्या एस.टी.ने शिरूरच्या डेअरीत जायच्या, तिथंही हेच. टाकी झाली, दुसऱ्या दिवशी तपासणी. मिस्त्रींनी पहाटे अंघोळ करून टाकीच्या काठावर नारळ फोडला. नारळाचं पाणी, झेंडूची फुलं, हळदकुंकू, सगळं आत. पाणी नापास झालं. मी मिस्त्रींच्या अंगावर धावून गेलो, तर बाई मध्ये आल्या.

मिस्त्री म्हणाले, "नारळ फोडल्याबिगर नवी टाकी चालू करायची कशी, बाई? देवाला सोडून तुमच्या औषधावर इसवास ठिवायचा व्हय?"

"दोघांवर ठेवा, मामा," बाई म्हणाल्या. "पण औषध जंतू मारायला घातलं होतं. ते तुमच्या फुलांशी भांडण्यातच संपलं."

टाकी रिकामी करून घासली. पुढच्या खेपेला बाईंनी स्वतःच नारळ आणला आणि मिस्त्रींकडून तो फाटकाबाहेर फोडून घेतला. पाणी पास झालं. नमस्कार मीच सर्वांत लांबलचक केला.

कुलूप निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. बाजारात बोललं जात होतं, "शेठचा बर्फ चांगला हाय, तर बाई तितं पानी का पीत न्हाईत?" मी बाईंना हात जोडले. म्हटलं, भर बाजारात एक ग्लास प्या, माझा कारखाना वाचेल.

बाई म्हणाल्या, "मी प्याले तर लोक माझ्याकडे बघतील. पाण्याकडे कोण बघणार?"

मी तरातरा निघून आलो. ज्या बाईने टाकी बांधून दिली, तिला घोटभर पाणी जड व्हावं? त्यांचं नाव काढणाऱ्यावरही मी खेकसत होतो. अशात एका सकाळी त्यांचा शिपाई आला आणि बर्फाची लादी मागू लागला. कवठे येमाईपासून भांडगावपर्यंतच्या पाण्याच्या बाटल्या बर्फात ठेवून पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत जायच्या. तो बर्फ आजवर पुण्याहूनच यायचा. मी स्वतः लादी घेऊन स्टेशनवर गेलो. बाई पेटी भरत होत्या. बाजूच्या हॉटेलवाल्याने खवचटपणे विचारलं, "कुणाचा बर्फ, बाई?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "यांचा. हा वितळून माझ्या बाटल्यांवरच गळणार. याच्यात खोट असती, तर माझं सगळं काम पाण्यात गेलं असतं."

संध्याकाळी माझ्या फाटकाशी हातगाड्यांची रांग लागली. सबंध जिल्ह्याचं पाणी ज्या बर्फाच्या भरवशावर पुण्याला जायचं, तो माझा होता. हे मी आजही छाती काढून सांगतो.

साथ ओसरली, बाईंची बदली झाली. निरोपाला मी गार पाण्याचा तांब्या आणि थोडा बर्फ घेऊन स्टेशनवर गेलो. हट्टच होता म्हणा. बाईंनी तांब्याकडे पाहिलं, हसल्या, आणि गाडीच्या खिडकीतून स्वतःची बाटली झाकण काढून पुढे केली. "एक खडा टाका यात." मी बर्फात हात घातला, तोच म्हणाल्या, "शेठ, हात धुतलेत?"

मी नळाकडे पळालो. एरवी दौंडला निवांत थांबणारी गाडी त्या दिवशी मी हात धुऊन, खडा उचलून परतेपर्यंत हललीसुद्धा. बाई खिडकीतून बाटली धरूनच होत्या. फलाट संपला. खडा माझ्या स्वच्छ धुतलेल्या हातात वितळून गेला.

बाई माझ्याकडचं पाणी प्यायच्या राहिल्याच. तो राग अजून जात नाही. फक्त हल्ली तो आला, की मी आधी उठून हात धुतो.