न धुतलेली लक्ष्मी

सासू गेली तेव्हा नर्मदाबाईंच्या हाती जुन्या नाण्यांची एक पितळी डबी देऊन गेली. "धनतेरसले इले आंगोय घालत जाय," एवढंच तिचं शेवटचं मागणं. काही नाणी चांदीची, काही तांब्याची. वरची फारसी लिपीतली अक्षरं कळसाडी गावात कुणालाच वाचता येत नव्हती, पण तीच त्या घरची लक्ष्मी. नर्मदाबाई दरवर्षी तिच्यावर दूध घालायच्या, पाणी घालायच्या, हळद-कुंकू वाहायच्या आणि डबी पुन्हा देव्हाऱ्यात ठेवायच्या.

त्यांचे मालक रतिलाल पाटील. कापसाची शेती मोठी आणि साहेबलोकांची ओढ त्याहून मोठी. शहाद्याला प्रांतसाहेबांचा मुक्काम पडला, तेव्हा ओळख निघावी म्हणून डबीतलं एक नाणं खिशात टाकून हे भेटीला गेले. साहेब जुन्या नाण्यांचे शौकीन निघाले. नाणं कडेनं धरून त्यांनी न्याहाळलं आणि म्हणाले, "याला कधी घासू नका. माती असली तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कपड्यानं नुसतं टिपा. हा काळेपणा म्हणजे याची कातडी. ती गेली की किंमत गेली."

रतिलाल घरी आले ते गुरुमंत्र घेतल्यासारखे. डबी देव्हाऱ्यातून त्यांच्या कपाटात गेली. नाणी नव्या कापसात गुंडाळली गेली. जेवून उठल्यावर धोतराला हात पुसणारा हा माणूस आता नाणं उचलायचं तर हात धुऊन, रुमालात धरून उचलू लागला. ओट्यावर भांडी घासणाऱ्या बायकांनासुद्धा त्यांचा उपदेश चुकला नाही. "घासू नका, घासू नका! किंमत जास!"

धनतेरसेला नर्मदाबाईंनी डबी मागितली.

"हात लावू नको वं. हळद-कुंकूवरी खराब व्हई जाई."

"लक्ष्मी हळद-कुंकूवरी खराब व्हस?"

"तुले नही समजाव. तिनी कातडी जाई."

त्या वर्षी बाईंनी चालू रुपया ताम्हनात ठेवून पूजा उरकली. विलायतेच्या राजाच्या डोक्यावर दूध ओतताना त्यांना कसंसंच झालं. सासूबाई वरून बघत असतील, या विचारानं त्यांनी ताट तसंच सारलं. लक्ष्मी पारोशी राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि निरोप आला की साहेब फिरतीवर निघालेत, नाणी बघायला घरी येणार. मग काय! भिंतींना चुना लागला, अंगण सारवलं, पोळा नसताना बैलांची शिंगं रंगली. रतिलालांचा चुलतभाऊ हिलाल हे सगळं बघत ओट्यावर बसला होता.

"दादा, घर धवं, बैलं धवात, अन साहेबले हाई काळं काळं दाखाडशी? साहेब म्हनी, कळसाडीमा पानी नही शे का!"

रतिलाल हसले खरे, पण बोलणं कुठंतरी रुतलं. दुपारी नर्मदाबाई कापूस वेचून परतल्या तर अंगणात चिंचेचा वास. मालक विटेचा भुगा घेऊन मांडी ठोकून बसलेले, नखं लाल झालेली, आणि समोर नाणी काल टाकसाळीतून आल्यासारखी लखलखत होती.

"आवो, अन तिनी कातडी?"

"पाहुनासमोर कोनी मयकं ठेवस का?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चहा झाला. डबी उघडली आणि साहेबांनी एक नाणं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "हे कुणी घासलं?"

रतिलालांचा हात आपोआप स्वयंपाकघराकडे वळला. "बायकामाणसं, साहेब. अडाणी आहेत. मी लाख वेळा सांगितलं."

दाराआड नर्मदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडून सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण समोर डबी होती, आणि धनतेरस चार दिवसांवर आली होती. पदर पुढं ओढून त्या दारात आल्या.

"हां साहेब, मीच घासं. आते हाई तुमना कामनं नही ना?"

"नाही. आता चांदीच्या भावाचं. फार फार तर."

"मंग देवनं शे, देवकडे जाऊ द्या."

साहेबांची नजर रतिलालांच्या लाल नखांवर गेली. ते नुसतं म्हणाले, "द्या त्यांना." रतिलालांनी डबी दिली. साहेबांसमोर दुसरं करणार काय?

धनतेरसेला बाईंनी नाणी ताम्हनात मांडली. एका नाण्यावरची अक्षरं पार सपाट झाली होती. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"माय, मी खोटं बोलनू. पन तू घर परत उनी."

बाहेर ओट्यावर रतिलाल हिलालला समजावत होते की असल्या वस्तू बायकांच्या हाती देऊ नयेत. नर्मदाबाईंनी ऐकलं, आणि लक्ष्मीची आंघोळ लांबावी म्हणून दुधाची धार जरा आणखी बारीक केली.